वर पूलपार, खाली टपाल

उलटेकाकांनी आरीचं टोक शिवणीखाली घातलं आणि पहिला टाका उचलला. दोरा ताणला गेला, पण तुटला नाही. डावरीमावशीच्या हातचा टाका होता तो, सहजासहजी थोडाच सुटणार! त्यांनी चष्मा कपाळावर सारला, चेंडू नाकाजवळ आणला आणि दोऱ्याला ब्लेड लावलं.

सकाळचे सात वाजून गेले होते. कारखाना आठला भरायचा. किल्ली वीस वर्षं त्यांच्याकडे होती, कारण सगळ्यांच्या आधी तेच यायचे. दार उघडायचं, केर काढायचा, मेणाची वडी उन्हात मऊ व्हायला ठेवायची आणि मग आपल्या स्टुलावर बसून लोकांची वाट बघायची. त्या किल्लीचा असा उपयोग आपण कधी करू, असं कालपर्यंत त्यांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली होती, तिच्यात चौदा स्टुलं आणि एकच मोठी खिडकी. इथे फुटबॉल हातांनी शिवले जात. लाकडी चिमटा गुडघ्यांत धरायचा, त्यात कातड्याच्या दोन पाकळ्यांच्या कडा अडकवायच्या, आरीने भोक पाडायचं आणि मेण लावलेला दोरा दोन सुयांनी आरपार ओढायचा. एक चेंडू पुरा व्हायला तीन तास लागत. आणि चेंडू कोणाचा हे विचारायची गरज नसे. उजव्या हाताने शिवणाऱ्यांचे टाके एका अंगाला कलत. डावरीमावशी एकटीच डावखुरी, तिचे टाके दुसऱ्या अंगाला कलत.

काकांच्या हातातला चेंडू मात्र खेळायचा नव्हता. लीगचा हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी कारखान्यातला प्रत्येक जण एक चिठ्ठी लिहायचा. चिठ्ठीवर दोनच ओळी असायच्या. बारा संघांत वर, म्हणजे पहिला, कोण येणार आणि बारावा येऊन खालच्या गटात कोण जाणार. चिठ्ठीची घडी घालून वर आपली खूण करायची, मालावर करतात तीच. मग सगळ्या चिठ्ठ्या कातड्याच्या कातरणांबरोबर एका चेंडूत भरायच्या आणि कोणीतरी एकाने तो शिवून बंद करायचा. ज्याने बंद केला त्यानेच हंगाम संपल्यावर तो उघडायचा आणि सगळ्यांसमोर वाचायचा. तोवर चेंडू जाळीत घालून छताच्या आकड्याला टांगलेला असे. ज्याचं वरचंही आणि खालचंही बरोबर आलं, त्याला वर्षभर खिडकीतली जागा. शिवणकाम करणाऱ्याला याहून मोठं बक्षीस नाही. चाळिशीनंतर तर नाहीच.

काका बासष्ट वर्षांचे होते. एकतीस वर्षांत ते एकदाही खिडकीत बसले नव्हते. त्यांचं वरचं नाव खाली जायचं आणि खालचं वर यायचं, इतक्या नेमाने की लोकांनी त्यांचं नावच उलटेकाका पाडलं. कोणाच्या घरी बाळ होणार असलं की काकांना विचारायचे, मुलगा की मुलगी? काका मुलगा म्हणाले की मुलीचं नाव शोधायला घ्यायचे. काका स्वतःही हसायचे. आपलं निदान काहीतरी लोकांच्या उपयोगी पडतंय, म्हणायचे.

त्यांनी सहा टाके सोडवले. फटीतून दोन बोटं आत घातली आणि कातरणं बाजूला सारत एकेक चिठ्ठी वर ओढली. खूण बघायची आणि घडी न उघडता चिठ्ठी मांडीवर ठेवायची. दुसऱ्याची एकही चिठ्ठी त्यांनी वाचली नाही. चोरी करायला आलेल्या माणसाने असा सोवळेपणा करावा याचं त्यांचं त्यांनाच हसू आलं, पण हात काही पुढे झाला नाही. अकरावी चिठ्ठी त्रिकोणाची निघाली. त्रिकोण ही त्यांची खूण.

चिठ्ठीत लिहिलं होतं: वर पूलपार. खाली टपाल.

---

पूलपार हा नदीच्या पलीकडचा क्लब, टपाल हा टपालवाल्यांचा. काकांचा एकुलता एक मुलगा अकरा वर्षं पूलपारचा गोलकीपर होता.

तो संघात घेतला गेला त्या वर्षी काकांनी मोठ्या अभिमानाने चिठ्ठीत पूलपार वर लिहिलं होतं. दुसऱ्याच सामन्यात पोराचं मनगट मोडलं आणि क्लब खालच्या गटात जाता जाता थोडक्यात वाचला. पुढच्या वर्षी लिहायला बसल्यावर काकांच्या मनात एक विचार आला आणि तो त्यांनी कोणालाही सांगितला नाही, बायकोलाही नाही. त्यांनी लिहिलं, खाली पूलपार. त्या वर्षी पूलपार पाचवा आला. मग त्यांनी दर वर्षी तेच लिहिलं, ओळीने नऊ वर्षं. पूलपार कधी सहावा आला, कधी आठवा आणि एकदा तर चक्क तिसरा. याने काही सिद्ध होत नाही हे काकांना समजत होतं. ते काही खुळे नव्हते. पण पोर गोलमध्ये उभं असताना बापाला करण्यासारखं दुसरं काय असतं? त्याचे हातमोजे शिवून देणं आणि हे.

या हंगामाच्या आदल्या दिवशी मुलगा हातमोजे घेऊनच कारखान्यात आला होता. अंगठ्यापाशी उसवले होते. काका शिवत होते तोवर तो इकडेतिकडे करत राहिला आणि भिंतीवरच्या तारेपाशी जाऊन थांबला. जुन्या वर्षांच्या चिठ्ठ्या त्या तारेत ओवून ठेवलेल्या असत.

"बाबा, हे तुमचंच अक्षर ना?" इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच विचारलं.

काकांनी मान वर केली नाही. "कुठलं?"

"हे. खाली पूलपार. आणि हे. हेही." तो चिठ्ठ्या उलटत गेला. "आणि आम्ही तिसरे आलो होतो, त्या वर्षीसुद्धा."

खोलीतल्या आऱ्या थांबल्या. पाकळ्या कापणारा, ज्याला सगळे कात्री म्हणत, त्याला गप्प बसवेना.

"अरे, तू मनावर घेऊ नकोस. तुझे बाबा ऊन पडेल म्हणाले की आम्ही छत्री घेऊन निघतो."

सगळे हसले. मुलगा हसला नाही. तो येऊन काकांच्या समोर उकिडवा बसला, लहानपणी बसायचा तसा. पण आता त्याच्या कानशिलावर पांढरं दिसत होतं. चौतीस म्हणजे गोलकीपरचं काही फार वय नाही, पण पूलपारसारख्या क्लबात पुष्कळच झालं.

"हे माझं शेवटचं वर्ष आहे, बाबा. याच गटात टिकलो तर मुलांना शिकवायला मला ठेवून घेतील, असं म्हणालेत. खाली गेलो तर क्लब सगळ्यांनाच सोडणार. मग हिच्या भावाच्या गोदामात कामाला जाईन. दोन दिवसांचा प्रवास आहे तिकडचा."

"जाशील कशाला? इथे काय कामं नाहीत?"

"इथे मला हेच येतं." त्याने शिवून झालेला हातमोजा घेतला आणि बोटं घालून बघितली. "एकदा तरी आम्हाला वर लिहा, बाबा. खरं होऊ दे नाही तर नको. तुम्ही लिहिलंत एवढं मला पुरे."

काकांच्या तोंडापर्यंत आलं होतं की अरे बाबा, नऊ वर्षं मी दुसरं काय करतोय. पण सांगायचं कसं? चौदा माणसांसमोर, कात्रीसमोर? आणि सांगितलं की त्यातला गुण जातो, अशीही एक भीती त्यांच्या मनात होती. त्यांनी मालाच्या पावतीची मागची बाजू घेतली आणि मुलगा बघत असताना लिहिलं. वर पूलपार. खाली टपाल.

कात्रीने वाकून वाचलं आणि कपाळावर हात मारला. "मेलं! उलटेकाकांनी पूलपार वर लिहिलं! आता गेलं पूलपार!"

या वेळी मुलगाही हसला. चेंडू बंद करायची पाळी डावरीमावशीची होती. तिने काकांची चिठ्ठी घडी घालून आत सरकवली, सुई लावली, आणि काकांकडे असं काही बघितलं की त्यांनी मान फिरवली.

---

आणि पूलपार खरंच गेलं. पहिल्या सहा सामन्यांत एक बरोबरी. संक्रांत आल्यासारखी एकामागून एक माणसं जखमी झाली. मुलगा दर रविवारी फोन करायचा आणि "बघू, अजून वेळ आहे" म्हणायचा. वेळ संपत आला. चार सामने उरले तेव्हा पूलपार बारावा होता, आणि काकांची रात्रीची झोप उडाली होती. जेवताना, शिवताना, रस्ता ओलांडताना त्यांना छताला टांगलेला तो चेंडू दिसायचा. त्यात आपल्या हाताने लिहिलेली ती ओळ होती.

म्हणून आज ते साडेसहालाच आले होते.

जुनी चिठ्ठी त्यांनी सुयांच्या डबीत टाकली. तसल्याच पावतीच्या पाठी त्यांनी दुसरी लिहिली: वर वीजघर. खाली पूलपार. त्रिकोण काढला. आपण काय करतोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पहिली चिठ्ठी सगळ्यांनी डोळ्यांनी बघितली होती. हंगाम संपल्यावर चेंडू उघडला की काकांनी चिठ्ठी बदलली हे शेंबड्या पोरालाही कळणार. कळू दे. पूलपार वाचलं तर लोक म्हणतील, उलटेकाकांनी चोरी केली आणि तीही उलटी केली. ते आयुष्यभर चिडवतील. एवढ्यावर सुटत असेल तर स्वस्तच.

पूलपार वाचलं नाही तर काय, याचा विचार त्यांनी केला नाही. तो करण्यात अर्थच नव्हता.

चिठ्ठ्या आणि कातरणं परत भरून त्यांनी वाकडी सुई घेतली. त्याच भोकांतून, त्याच जाडीच्या दोऱ्याने ते शिवत गेले. हात सराईत होता, मन भलतीकडे होतं. सहा टाके झाले, गाठ आत ओढली गेली. बाहेर मुकादमाची सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला, तेव्हा चेंडू जाळीत जाऊन आकड्याला लागला होता आणि काका केर काढत होते.

"काय काका, अजून केर चाललाय?" मुकादम म्हणाला.

"धूळ फार झालीय," काका म्हणाले.

---

त्या रविवारी पूलपार जिंकलं. पुढच्या रविवारीही जिंकलं, तेही बंदरवाल्यांच्या मैदानावर.

"बाबा, ऐकलंत का?" फोनवर मुलाचा आवाज फुटत होता. मागे चार वर्षांची नात ओरडत होती. "पेनल्टी अडवली मी! डावीकडे झेप घेतली!"

"ऐकलं. रेडिओ लावून बसलोय मी."

"शेवटच्या सामन्यात टपालशी नुसती बरोबरी झाली तरी पुरे, असं होणार बघा."

काकांनी फोन ठेवला आणि रिकाम्या घरात एकटेच हसले. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. तिच्या फोटोला ते म्हणाले, "बघितलंस? आपलं चालतंय अजून."

तिसरा सामना बरोबरीत सुटला. पूलपार अकरावा आणि टपाल बारावा अशी स्थिती झाली. शेवटच्या रविवारी काकांनी रेडिओ टेबलावर ठेवला आणि खुर्ची समोर ओढली. शहाऐंशीव्या मिनिटापर्यंत एकही गोल झाला नाही. मग टपालच्या कोणीतरी लांबून एक साधा चेंडू मारला. निवेदक आधी काही विशेष बोललाच नाही. मग त्याचा आवाज चढला. चेंडू गोलकीपरच्या हातांत आला होता आणि हातांतून निसटून मागे गेला होता.

काका उठले नाहीत. सामना संपला, बातम्या झाल्या, बाजारभाव झाले, मग कसली तरी गाणी लागली. तक्ता त्यांनी दुसऱ्या दिवशी पेपरात बघितला. वर वीजघर. खाली पूलपार.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची चिठ्ठी खरी ठरली होती. वरचंही नाव, खालचंही.

---

चेंडू मधल्या सुट्टीत उघडायचा असे. डबे आवरून माणसं खिडकीपाशी जमू लागली होती. या वर्षी कोणाला उत्साह नव्हता. पूलपारचा विषय काकांसमोर काढायचा नाही, असं न सांगता ठरलेलं होतं. कात्रीसुद्धा सकाळपासून नीट वागत होता.

काकांनी सांगायचं ठरवलं होतं. उघडण्याआधीच उभं राहायचं आणि म्हणायचं, चिठ्ठी मी बदलली, मला खिडकी नको. ही माणसं आपली होती. रागावतील, हसतील, विसरतील. ते उठायला गेले आणि दारात मुलगा दिसला.

"तू कशाला आलास?" काकांच्या तोंडून निघून गेलं.

"असं काय, बाबा! उद्या सकाळची गाडी आहे. ही आणि छकुली परवाच सामान घेऊन पुढे गेल्या." तो सगळ्यांना हात करत आत आला. दाढी वाढली होती. "आणि चिठ्ठ्या ऐकायच्यात मला. या वर्षी माझ्या बाबांनी आम्हाला वर लिहिलंय. पूर्ण लीगमध्ये तसं लिहिणारा एकच माणूस असेल."

कोणीतरी हसल्यासारखं केलं. कोणीतरी त्याला स्टूल दिलं. काका अर्धवट उठलेले होते ते परत बसले. आता कसं बोलणार? आता जे बोलायचं ते त्याच्या तोंडावर बोलायला लागलं असतं.

मुकादमाने आकड्यावरून जाळी उतरवली आणि चेंडू डावरीमावशीच्या मांडीवर ठेवला. गेल्या वर्षीची खिडकी तिनेच जिंकली होती, त्यामुळे ती उजेडातच बसली होती. तिने चेंडू फिरवला आणि अंगठ्याने शिवण चाचपली. अंगठा पुढे गेला, मागे आला आणि एका जागी थांबला.

तेव्हा काकांना समजलं. सहाच्या सहा टाके उजव्या हाताचे होते. त्यांच्या हाताने सवयीप्रमाणे आपलं काम चोख केलं होतं. तिच्या शिवणीत ते सहा टाके उलट बाजूला कललेले, भरउजेडात दिसत होते.

मावशीने मान वर केली नाही. "ब्लेड द्या कोणीतरी," एवढंच म्हणाली, आणि बरोबर तेच सहा टाके तिने आधी कापले. दोऱ्याचे तुकडे वेचून मुठीत घेतले आणि खिडकीतून बाहेर टाकले.

ती एकेक चिठ्ठी उघडून वाचू लागली. वाचून झाली की कात्रीकडे द्यायची, तो ती तारेत ओवायचा. वर वीजघर, खाली टपाल. वर बंदर, खाली टपाल. वर वीजघर, खाली गिरणी. पूलपार खाली कोणीच लिहिलं नव्हतं. आपल्या काकांच्या पोराचा संघ होता तो, इतकी रीत सगळ्यांनी पाळली होती. मुलगा गुडघ्यांवर कोपरं टेकून ऐकत होता. काका स्वतःच्या हातांकडे बघत होते.

मग त्रिकोणाची चिठ्ठी आली.

मावशीने घडी उघडली. क्षणभर डोळे कागदावर ठेवले. मग नाकावरचा चष्मा सारखा केला आणि आधीच्या वाचल्या होत्या त्याच आवाजात वाचली.

"उलटेकाका. वर पूलपार. खाली टपाल."

आणि चिठ्ठीची घडी घातली.

कात्रीने हात पुढे केला. मावशीने चिठ्ठी दिली नाही, पुढची उचलली. "थांब रे जरा. मागाहून." शेवटच्या तीन चिठ्ठ्या वाचून झाल्या. दोन्ही नावं कोणाचीच जुळली नव्हती. मुकादमाने जाहीर केलं की या वर्षी खिडकी कोणालाच नाही, मावशीचीच मावशीकडे राहणार. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण कोणाची तक्रारही नव्हती.

"मावशी," मुलगा म्हणाला, "बाबांची चिठ्ठी तारेला लावू नका. मला मिळेल का ती?"

मावशी उठली. खोली ओलांडून ती काकांपाशी आली आणि तिने घडी घातलेली चिठ्ठी त्यांच्या तळहातावर ठेवून मूठ मिटवली.

"तुझ्या बाबांच्या हातून घे," ती म्हणाली. "त्यांची आहे."

"थांब," काका म्हणाले. "मेण लागलंय बोटांना. पुसून देतो."

ते पाठमोरे होऊन स्टुलाखालच्या पेटीवर वाकले. हात पुसायचं फडकं काढलं आणि त्याच्या आडोशाने सुयांची डबी उघडली. मुठीतली चिठ्ठी आत टाकली. आतली उचलली. सुयांचा थोडासा गंज तिला लागला होता.

मुलाने ती उघडली आणि वाचली, जणू काय लिहिलंय ते त्याला माहीतच नव्हतं.

"नऊ वर्षं मला वाटायचं, बाबांचा माझ्यावर भरवसाच नाही," तो म्हणाला. "आईला म्हणायचो मी. ती म्हणायची, तसं नसेल रे. पण तारेवरचं दिसत होतं ना मला, डोळ्यांनी."

काकांनी तोंड उघडलं. आता कोण ऐकतंय याची पर्वा नव्हती. सगळं सांगता आलं असतं. ते नऊ कागद काय होते आणि हा एक काय आहे ते. पण मुलाने चिठ्ठी होती त्याच घडीवर पुन्हा दुमडली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. नोकरी गेलेली, गाव सुटलेलं, आणि खिशात एवढंच एक. ते कसं काढून घ्यायचं?

"हातमोजे ठेवून जातोस का?" काका म्हणाले. "शिवून ठेवतो."

"आता कशाला, बाबा."

तो वाकून पाया पडला. काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथेच राहिला. मग मुलगा सगळ्यांचा निरोप घेऊन निघाला.

माणसं आपापल्या स्टुलांवर गेली. चिमटे गुडघ्यांत बसले, आऱ्यांचा आवाज सुरू झाला. काका मात्र खिडकीपाशी आले. मावशीने स्टूल सरकवून त्यांना जागा करून दिली. खाली रस्त्यावर मुलगा जात होता. कोपऱ्यावर तो थांबला, खिसा चाचपला, बटण लागलेलं आहे ना बघितलं.

काकांचा हात अर्धा वर गेला.

"बोलवू का त्याला?" मावशीने हळूच विचारलं.

"ती चिठ्ठी त्याच्याबरोबर जायला नको होती, बाई." काका म्हणाले. "तिच्यामुळेच सगळं झालं. आणि आता नव्या गावी तीच घेऊन चाललाय."

"ठाऊक आहे मला. तुम्ही नऊ वर्षं खाली का लिहीत होता तेही ठाऊक आहे." ती रस्त्याकडेच बघत होती. "बोलवू? अजून वळला नाहीये."

काका बघत राहिले. मुलगा रस्ता ओलांडायला गाड्या जाण्याची वाट बघत होता. त्याचा एक हात अजून खिशावरच होता.

"नको," ते म्हणाले.

तो पलीकडे गेला आणि दिसेनासा झाला. मावशीने आपला चिमटा उचलला, मेणाची वडी उचलली आणि काकांच्या कोपऱ्यातल्या स्टुलाकडे निघाली.

"अहो, कुठे चाललात? मी जिंकलेलो नाही."

"कोणाचं जुळलं ते मी वाचलंय," ती म्हणाली. "बसा. उजेड आहे तोवर शिवून घ्या."

कात्रीने मान वर केली आणि पुन्हा पाकळी कापायला घेतली.

काका बसले. खिडकीतल्या उजेडात सुईचं भोक स्वच्छ दिसत होतं. तरी दोरा ओवायला त्यांना फार वेळ लागला.